सौजन्य : टेम्पो
ठाणे-नवी मुंबईची पेजं चालवणाऱ्यांना खुलं पत्र

ठाणे आणि नवी मुंबईची पेजं, व्हॉट्सॲप ग्रुप आणि चॅनेल सांभाळणाऱ्या ॲडमिन मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तलावपाळीवर दिवे लागलेत, येऊरवर धुकं उतरलंय, पाम बीच रोड पावसात चकाकतोय, खाडीवर फ्लेमिंगोंचा थवा उठलाय. असा एखादा फोटो सकाळी तुमच्या पेजवर येतो, दुपारपर्यंत दहा ग्रुपांत फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'सौजन्य : इंटरनेट'. कधी 'सौजन्य : गुगल', कधी 'फोटो : संबंधित मालक', आणि अलीकडे 'श्रेय हवं असल्यास डीएम करा'. वाशीच्या मार्केटात देवगडहून आंब्याची पेटी आली आणि तिच्यावर बागायतदाराच्या नावाच्या जागी कुणी 'सौजन्य : टेम्पो' असं लिहिलं, तर माथाडीसुद्धा हसतील. इंटरनेट हा टेम्पो आहे.

हे पत्र लिहिणारे आम्ही या दोन शहरांत कॅमेऱ्यावर पोट असलेले काही जण. कुणी लग्नं करतं (फोटोंपुरतीच), कुणी नाटकं आणि मिरवणुका, कुणी पक्षी. तुमच्याशी भांडण काढायचं नाही. तुमच्या पेजमुळे आमचं काम लोकांपर्यंत पोचतं, हे आम्हाला मान्य आहे. म्हणणं एवढंच आहे की फोटोखालचं नाव म्हणजे त्या फोटोचा पत्ता. फोटो कधीचा, कुठला, खरा की जुळवलेला, हे विचारायचं झालं तर त्या पत्त्यावर जाता येतं. नाव पुसलं की फोटो बेवारस होतो, आणि बेवारस फोटोबद्दल कुणीही काहीही सांगू शकतं.

एकच फोटो घेऊन त्याचं काय काय होतं ते बघू. ठाणे खाडीतला फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, अग्निपंख. ओहोटीला हे पक्षी उघड्या चिखलावर लांबवर पांगून चरतात. भरती चढून चिखल झाकला गेला की ते नेरुळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळींवर येऊन दाटीने उभे राहतात. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे कोवळं ऊन आणि चढती भरती यांचा मेळ पंधरवड्यातून दोन-तीन सकाळीच बसतो. त्यातली एक ढगाळ निघते, एका दिवशी कुत्री थवा उठवतात. उरलेल्या सकाळी 500 किंवा 600 मिलिमीटरची लेन्स लावून, उडत्या पंखांसाठी शटर 1/2000 सेकंदाच्या आसपास ठेवून काही शे फ्रेम निघतात. त्यातली एक ठेवण्याजोगी असते. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ती 6000 बाय 4000 ची असते.

फोटोग्राफर ती इन्स्टाग्रामवर टाकतो तेव्हा ती 1080 पिक्सेल रुंदीवर येते. 1080 बाय 720, म्हणजे 2 कोटी 40 लाख ठिपक्यांतले आठ लाखही शिल्लक राहत नाहीत. इथवर ठीक आहे, ते त्याने स्वतः केलेलं असतं. मग कुणीतरी स्क्रीनशॉट काढतं. फाइलच्या पोटात लिहिलेली तारीख, कॅमेरा, फोटोग्राफरचं नाव यातलं काहीच स्क्रीनशॉटमध्ये येत नाही. तो व्हॉट्सॲपवर जातो, तिथे पुन्हा दाबला जातो. फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून व्हॉट्सॲप ही आतली माहिती काढून टाकतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच ती टिकते. पुढचा माणूस तो उभ्या चौकटीत बसावा म्हणून दोन्ही बाजूंनी कापतो. कोपऱ्यातला वॉटरमार्क, म्हणजे फोटोवरच उमटवलेलं नाव, त्या कापाकापीत जातो, कधी नकळत, बहुतेकदा मुद्दाम. त्यावर फिल्टर चढतो आणि फिकट गुलाबी पक्षी राणी रंगाचा होतो. गडद लालसर चोच असेल तर तो लहान रोहित, गुलाबी चोच आणि टोक तेवढं काळं असेल तर मोठा. एवढा साधा फरकही त्या रंगात बुडतो. शेवटी तो ऑगस्टमध्ये 'आजची सकाळ, ऐरोली' म्हणून झळकतो. थवे येतात साधारण नोव्हेंबरपासून आणि पावसाच्या तोंडावर बहुतेक निघून जातात. पण आता विचारायचं कुणाला?

हाच फोटो पुढे फ्लेक्सवर चढतो. नाक्यावरच्या शुभेच्छांच्या फलकाला मागे 'काहीतरी ठाण्याचं' हवं असतं. दहा फूट रुंदीचा फ्लेक्स म्हणजे 120 इंच. 1080 पिक्सेल त्यावर ताणले तर इंचाला नऊ ठिपके पडतात, एकेक ठिपका जवळजवळ 3 मिलिमीटरचा. मग डिझायनर एआयचं टूल लावून फोटो 'शार्प' करतो आणि ते टूल तिथे नसलेली पिसं भरतं, चोचीचा बाक बदलतं, गर्दीतल्या माणसांना भलतेच चेहरे लावतं. मूळ फाइलचे 6000 पिक्सेल त्याच फ्लेक्सवर इंचाला 50 पडतात आणि रस्त्यापलीकडून स्वच्छ दिसतात. मागितली असती तर ती फाइल मिळाली असती. चोरलेला फोटो वापरणाऱ्याचंही काम खराब करतो, हे आम्हाला नेहमी गमतीचं वाटतं.

फ्लेमिंगोचा महिना चुकला तर फारसं बिघडत नाही. पावसाचं तसं नाही. जोराचा पाऊस झाला की रुळांवरचं पाणी, बुडालेल्या बस, तुंबलेले सबवे असे जुने फोटो 'आत्ताचं ठाणे स्टेशन' म्हणून फिरायला लागतात. त्यात 26 जुलै 2005 चेही असतात. कामावरून परतणारा माणूस ते बघून रस्ता बदलतो, घरचे घाबरून फोन करत राहतात. फोटोखाली नाव असतं तर एका मेसेजवर कळलं असतं की हा कधीचा. बातमीचा फोटो टाकताना फोटोग्राफरचं नाव, तारीख आणि शक्य असेल तर वेळ, एवढं लिहिलंत तरी निम्म्या अफवा तुमच्या पेजपाशीच थांबतील.

जागेचं उलट आहे. जागा कधीकधी मुद्दाम लिहिलेली नसते. पावसाळ्यात तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बीळ करून पिलं वाढवतो. कर्नाळ्याच्या बाजूला तो दिसतो हे जगजाहीर आहे, पण नेमकी दरड कोणती हे जबाबदार फोटोग्राफर लिहीत नाही. पेजवाला फोटो उचलतो, 'लोकेशन' म्हणून नकाशातली खूण जोडतो आणि पुढच्या रविवारी बिळासमोर मोबाइल घेऊन रांग लागते. माणसं समोरून हलेपर्यंत आईबाप चोचीत भक्ष्य धरून फांदीवर थांबून राहतात. पिलं उपाशी. येऊरमधल्या घुबडांच्या ढोलींचंही असंच होतं. फोटोग्राफरने जागा लिहिली नसेल तर तुम्हीही लिहू नका, आणि कॉमेंटमध्ये कुणी लिहिली तर ती काढा.

माणसांच्या फोटोंबद्दल थोडक्यात. पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी-फेट्यातल्या मुलीने एका फोटोग्राफरला हसून 'काढा' म्हटलं, ते त्याच्यापुरतं होतं. तुमच्या पेजवर, तुमच्या चावट ओळीसकट, तिने होकार दिलेला नाही. लहान मुलांचे जवळून काढलेले फोटो तर आईवडिलांना विचारल्याशिवाय नकोतच.

आता कायदा. 'नेटवर टाकलं म्हणजे सगळ्यांचं झालं' हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की हा भाग टाळता येत नाही. कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यात छायाचित्र ही कलाकृती आहे आणि ती काढणारा तिचा कर्ता. हक्क फोटो काढल्या क्षणी तयार होतो, नोंदणीची अट नाही, फोटोवर © नसलं तरी तो असतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्यानंतर 60 वर्षं तो टिकतो. कलम 57 प्रमाणे आपलं नाव लावून घेण्याचा आणि आपली बदनामी होईल अशी मोडतोड थांबवण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो, मालकी दुसऱ्याकडे गेली तरीही. हक्कांची माहिती, म्हणजे मालकाचं नाव वगैरे, जाणूनबुजून काढणं किंवा बदलणं हा कलम 65-बी खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे.

आमच्या विरुद्ध जाणारा भागही सांगतो, कारण अर्धवट कायदा सांगणारे आमच्यातही आहेत. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. तेव्हा लग्नाचे फोटो नवरा-नवरीने कुठे टाकावेत यावर बिनकराराचा फोटोग्राफर तक्रार करू शकत नाही. मंडळाने नेमलेल्या फोटोग्राफरचंही तसंच. पण हॉलवाला, मेकअप करणारी ताई किंवा केटरर यांना तोच फोटो आपल्या जाहिरातीला लावायचा असेल तर त्या जोडप्याला विचारायला हवं आणि नाव फोटोग्राफरचं लावायला हवं. कलम 52 मध्ये चालू घडामोडींचं वार्तांकन, टीका-समीक्षा आणि खासगी वापर यांना योग्य मर्यादेत सूट आहे. आईने पुतणीला फोटो पाठवला म्हणून कुणी कोर्टात जात नाही. मात्र रोज सकाळी 'सुंदर ठाणे' म्हणून कुणाचा तरी फोटो टाकणं हे वार्तांकन कसं होईल?

आणि हॅशटॅगबद्दल. 'आमचा हॅशटॅग लावलात म्हणजे फोटो वापरायला दिलात' असं बायोमध्ये लिहून मालकी मिळत नाही. ती जाते लेखी आणि सही असलेल्या कागदाने. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. फोटो स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी नियमांत 'सर्व हक्क आयोजकांकडे' असं ठोकून देण्याऐवजी 'निकालाच्या पोस्टसाठी आणि पुढच्या वर्षीच्या पत्रकासाठी, नावासह' असं लिहावं. फोटोही चांगले येतील.

परवानगी आणि श्रेय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळा घोळ इथेच होतो. न विचारता फोटो घेऊन खाली ठळक नाव लिहिलं तरी परवानगी राहिलीच. परवानगी असूनही नाव गाळलं तर श्रेय राहिलं. विचारायचं कसं, तर हा मेसेज जसाच्या तसा घ्या:

'नमस्कार. मी अमुक पेज चालवतो. तुमचा अमुक तारखेचा अमुक फोटो आमच्या पेजवर एका पोस्टमध्ये आणि स्टोरीत वापरायचा आहे. पोस्ट जाहिरातीची नाही. फोटो कापणार नाही, फिल्टर लावणार नाही. पहिल्या ओळीत तुमचं नाव आणि अकाउंट देऊ. चालेल का? नाव कसं लिहू?'

पोस्ट जाहिरातीची असेल तर तसं सांगा आणि मानधन विचारा. तुमच्या पेजचे फॉलोअर या फोटोंवर वाढतात आणि त्या फॉलोअरवर घोडबंदर रोडच्या प्रकल्पांच्या, हॉटेलांच्या जाहिराती मिळतात, हे आम्हालाही दिसतं. 'तुमचं नाव होईल ना' हे उत्तर ऐकून ऐकून कान किटलेत. नाव झालं म्हणून वाणी उधारी सोडत नाही. आणि उत्तर आलं नाही तर ते 'नाही' समजा. दोन दिवस वाट बघितली म्हणजे होकार मिळाला, असं होत नाही.

श्रेय कुठे द्यायचं यालाही अर्थ आहे. इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकी 'मोअर'खाली जातं. हॅशटॅगांच्या शेवटी लिहिलेलं नाव कुणी वाचत नाही. नुसता फोटोवर केलेला टॅगही बोट लावल्याशिवाय दिसत नाही. म्हणून पहिल्या ओळीत 'फोटो :' लिहून अकाउंट मेन्शन करा आणि फोटोवरही टॅग करा. त्याहून सोपं म्हणजे फोटो उतरवूच नका. मूळ पोस्टच कागदी विमानाच्या खुणेवरून स्टोरीत घ्या किंवा फोटोग्राफरला कोलॅब पोस्टसाठी, म्हणजे दोघांच्या नावाने जाणाऱ्या पोस्टसाठी, विचारा. नाव आपोआप येतं आणि त्याने पोस्ट काढली तर तुमच्याकडे शिळी प्रत उरत नाही. रीलमध्ये फोटो वापरत असाल तर तो पडद्यावर असेपर्यंत नाव फ्रेमवरच दिसू द्या, रील डाउनलोड झाली की कॅप्शन मागे राहतं. व्हॉट्सॲपवर शक्यतो लिंक पाठवा, नाहीतर नाव फोटोच्या कॅप्शनमध्ये लिहा. वेगळ्या मेसेजमध्ये लिहिलेलं पुढे जात नाही.

फोटो कुणाचा ते माहीत नसेल तर गुगल लेन्समध्ये टाका. टिनआय नावाच्या साइटवर सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठी प्रत वर आणता येते. सापडलेल्या प्रतींत कडेचा भाग जास्त असलेली प्रत मूळच्या जवळची असते, कापलेला वॉटरमार्क बहुतेक वेळा तिच्यावर मिळतो. पाच मिनिटांत सापडलं नाही तर दुसरा फोटो घ्या. विकिमीडिया कॉमन्सवर ठाणे-नवी मुंबईचे फोटो मोकळ्या परवान्याने मिळतात. तिथे फुकट म्हणजे बिननावाचं असं समजू नका. परवान्यात 'बाय' असेल तर नाव आणि परवाना लिहावाच लागतो. कॉमन्सवर नसलेल्या, पण इतरत्र भेटणाऱ्या परवान्यांत 'एनसी' असेल तर फोटो धंद्यासाठी चालत नाही, 'एनडी' असेल तर बदल करून पुढे देता येत नाही. अनस्प्लॅशवर नावाची सक्ती नाही, पण तिथे येऊर शोधायला गेलात तर बहुधा दुसऱ्याच डोंगरावर पोचाल.

चूक झालीच तर? सगळ्यात वाईट उपाय सगळ्यात लोकप्रिय आहे, तो म्हणजे कॉमेंट उडवून फोटोग्राफरला ब्लॉक करणं. इन्स्टाग्रामवर कॅप्शन आणि टॅग नंतरही बदलता येतात, दोन मिनिटांचं काम आहे. नाव घालून चालणार असेल तर घाला, 'काढा' म्हटलं तर काढा. आणि काढताना हायलाइट, रील, फेसबुकवर आपोआप गेलेली प्रत आणि टेलिग्राम चॅनेलही बघा, तिथेच ती राहून जाते. व्हॉट्सॲपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' सुमारे अडीच दिवसच चालतं, त्यामुळे उद्या करू म्हणू नका. फोटोग्राफरने लेखी तक्रार केली तर 2013 च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे फोटो साठवणाऱ्या कंपनीने 36 तासांत तो 21 दिवसांसाठी बंद करायचा असतो. तक्रारी साठत गेल्या की मेटा, म्हणजे इन्स्टाग्राम-फेसबुकची कंपनी, अकाउंटच बंद करते. वर्षानुवर्षं उभं केलेलं पेज एका उचललेल्या सूर्यास्तापायी गेलं तर आम्हालाही वाईट वाटेल. थोडंसंच.

आमच्या बाजूच्या चुकाही आहेत. फोटोच्या मधोमध आडवा वॉटरमार्क ठोकून आम्हीच फोटो मारतो. पहिल्याच कॉमेंटला कोर्टाची भाषा काढतो. मेसेजला आठवडाभर उत्तर देत नाही आणि मग न विचारता घेतला म्हणून ओरडतो. म्हणून आम्ही आपसांत ठरवलंय की कॅमेऱ्याच्या मेनूत कॉपीराइटचं नाव भरून ठेवायचं, एडिट करताना कर्ता आणि हक्कांचे रकाने मोकळे सोडायचे नाहीत, 'फोटो वापरायचा असल्यास' ही ओळ बायोत वर ठेवायची आणि तुमच्या मेसेजला एका दिवसात हो किंवा नाही कळवायचं. पाणी तुंबल्याचे, वाहतूक अडल्याचे, हरवलेल्या माणसांचे फोटो लोकांच्या कामाचे असतात. ते नाव आणि तारीख ठेवून खुशाल वापरा, पैशांचा प्रश्न नाही. फ्लेक्ससाठी मोठी फाइल हवी असेल तर आकार फुटांत सांगा आणि फ्लेक्स कशासाठी आहे तेही सांगा.

कळावे, लोभ असावा.

ठाणे-नवी मुंबईत फोटोग्राफी करणारे आम्ही काही जण

ता. क. : परवानगीचा तो मेसेज कॉपी करायला आम्हाला विचारू नका. त्याला श्रेयही नको.